वाटीतला मणी

सौभाग्यवतीस,

आम्ही इकडे सारे खुशाल आहोत. तुझा गुडघाही खुशाल असावा. शेजारीण दूध आणून देते ना?

नात आता कानातलं यंत्र ओढून काढत नाही. सूनबाई भाजी चिरतानाही तिच्याशी बोलत असते. मीही तिच्यासमोर खाली बसून बोलतो, ओरडत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी घरी एक खेळ दिला आहे. मी पत्र्याचा डबा वाजवायचा आणि आवाज आला की तिने वाटीत मणी टाकायचा. तिला सगळं ऐकू येतं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते कुणाला सांगितलं नसशील तर आता सांगू नकोस.

काल सूनबाई म्हणाली, "बाबा, डबा वाजवताना तुमच्या भुवया वर जातात. ती त्या बघून मणी टाकते."

मग मी नातीच्या पाठीमागे बसलो. डबा वाजवला, पुन्हा जोरात वाजवला. ती मणी धरून तशीच बसून राहिली. मी डबा खाली ठेवला आणि मला खोकला आला. तेवढ्यात वाटीत मणी पडला.

"बाबा, मुद्दाम खोकलात?"

"नाही गं, आपोआप आला."

ज्या खोकल्यावरून तू मला जन्मभर बोललीस, तोच हा. पण मी अगदी जवळ बसलो होतो. तिच्या मानेला नुसता वारा तर लागला नसेल? आज दाराशी उभा राहून खोकून बघतो.

तू खोकल्याचं औषध पाठवणार होतीस, ते इतक्यात पाठवू नकोस.

तुझ्या नातीचे आजोबा