मडगार्ड म्हणजे खुर्ची नव्हे

टक, टक, टक... शाळेच्या खिडकीबाहेरून जाणाऱ्या एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा तो ठेका अजून माझ्या कानात आहे. आत गुरुजी कविता म्हणून घेत होते, बाहेर तो चालला होता, आणि दोघांची लय तंतोतंत जुळली. त्या सकाळी मी दोघांच्याही प्रेमात पडलो.

तर मी, वय वर्षे एकोणऐंशी, बत्तीस वर्षे मोठ्या फार्मवर ट्रॅक्टरचालक आणि पुढे नऊ वर्षे नव्या चालकांचा शिक्षक, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके अजून गिअरमध्ये आहे.

एक. ही खोली व बँकेतील ठेव मुलीला. तिने कधी काही मागितले नाही, म्हणूनच.

दोन. पाने, जॅक आणि ग्रीसगन वर्कशॉपच्या मिस्त्रीला. तेरा नंबरचा पाना सात वर्षे त्याच्याकडेच आहे. तोही आता त्याचाच समजावा.

तीन. कवितांची वही नातीला. तीत एक माझीही आहे, चालकांना नियम पाठ व्हावेत म्हणून रचलेली:

आधी ब्रेक, मग किल्ली, मगच खाली पाय;
फिरत्या शाफ्टापाशी, गड्या, तुझं काम काय?

फार्मचे सुपरवायझर यावर हसले होते. वेळ वाचावा म्हणून, मागचे अवजार फिरवणाऱ्या त्या शाफ्टवरचे झाकण काढून ठेवायला लावणारे तेच. त्यांना मी माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

चार. ट्रॅक्टर सुनेला. मुलाला नाही.

कारण लिहितो. गेल्या महिन्यात तो नातीला मडगार्डवर बसवून शेतात निघाला. कालव्याच्या वळणावर ती घसरली. फ्रॉक मडगार्डवरच्या दिव्याच्या पट्टीत अडकला म्हणून वाचली.

"अरे, सात वर्षांची पोर ती!"

"काही झालं का, बाबा? नाही ना? मलाही तुम्ही असंच न्यायचात."

न्यायचो. माझा फार्मवरचा जोडीदारही तिथेच बसून गप्पा मारायचा. एका वळणावर त्याचे वाक्य अर्धेच राहिले. मागचे चाक त्याच्यावरून गेले. ट्रॅक्टर मी चालवत होतो. रजिस्टरात 'उतरताना पडला' असे लिहिले गेले आणि मी गप्प राहिलो. घरात हे कोणालाच ठाऊक नाही. आज लिहिले.

त्या भांडणापासून मुलगा इकडे फिरकलेला नाही, नातीलाही पाठवत नाही. तरी सुनेने त्याला ट्रॅक्टर चालवायला द्यावा. हात चांगला आहे त्याचा, मीच बसवलाय. अट एकच: मडगार्डवर कोणीही बसणार नाही, उद्या जावई आला तरी नाही.

साक्षीदार: (१) शेजारचे कंपाउंडर, (२) निवृत्त पोस्टमास्तर. मिस्त्री हौसेने आला होता. पाने त्यालाच मिळणार, म्हणून परत पाठवला.

सह्या तिघांच्या. ठिकाण: वर्कशॉपमागची माझी खोली. रविवार, १४ मार्च, सकाळचे दहा.

ताजा कलम. पोस्टमास्तर चष्मा पुसत असतानाच दार वाजले. दारात नात, एकटी, पाय चिखलाने भरलेले, गाल फुगलेले.

"अगं, चालत आलीस?"

"मग काय करू? बाबा म्हणाले, ट्रॅक्टरवर जागा नाही. खोटं! मडगार्ड सगळं रिकामं होतं. आजोबा, तुम्ही रागवा त्यांना!"