युरोपसाठी राखून ठेवलेली दाढ

३ सप्टेंबर, चाकण
ठरलं. युरोपात जायचं. कोणता देश ते बडनेऱ्याचा एजंट रोहित नंतर सांगणार, पण युरोप पक्का. चुलतभाऊ शेखरदादा दोन वर्षांपासून तिकडं गोडाऊनमध्ये आहे. मी चाकणच्या गोडाऊनमध्ये. काम तेच, बर्फ एक्स्ट्रा. शिवाय रोहित म्हणते, तिकडं दवाखाना एकदम फुकट. अकोल्याले आईला फोन करून सांगितलं. ती म्हणे, काहून रे, आजारी हायेस का?

५ सप्टेंबर
खालची उजवी दाढ दुखून राहिली. इथला डॉक्टर म्हणे रूट कॅनाल अन् कॅप, आठ हजार. हसू आलं. तिकडं फुकट असताना इथं पैसे देणारा मी येडा नाही. दाढ तिकडंच दाखवू. डॉक्टर असंही म्हणे की हे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं झालं. चूक. चाकणचं पाणी.
संकल्प : खर्रा बंद. रोज दहा इंग्रजी शब्द.

६ सप्टेंबर
खर्ऱ्यानं दाढ बधिर होते, म्हणून औषधापुरता अर्धा. शब्द : टूथ, पेन. उरलेले आठ उद्या.

१४ सप्टेंबर, रविवार
खर्चाचा अभ्यास केला. शेखरदादाले व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. तिकडं कोथिंबिरीच्या चार काड्या दीडशे रुपयाले. आमच्या वावरातली जुडी आई बाजारात दहाले देते, तरी बाया घासाघीस करतात. म्हणजे ही महागाई नाही, धंदा आहे! धने नेऊन खिडकीत पेरायचे. भाड्यात अर्धा पगार जाते. पण युरोतला अर्धा. एका खोलीत सहा जण. इथं आम्ही चौघं, करमत नाही.
मग दवाखान्याचं विचारलं. टाइपिंग... टाइपिंग... बंद. पुन्हा टाइपिंग... शेवटी नुसता अंगठा आला. म्हणजे चांगलाच असणार.

२ ऑक्टोबर
गाल सुजला. तरी व्हिसासाठी फोटो काढला. रोहित म्हणे हा दुसऱ्याच माणसाचा आहे. मी म्हटलं, तिकडच्या खाण्यानं गाल भरणारच, आत्ताच सवय करा.
खर्रा उद्यापासून पक्का बंद.

९ ऑक्टोबर
व्हिसासाठीचं मेडिकल झालं. डॉक्टरनं मले तोंड उघडायला लावलं अन् स्वतःचं नाक दाबलं. अनफिट. आधी दाढेचा निकाल लावा, मग या. म्हणजे फुकटच्या दवाखान्यात जायचं, तर पहिले पैसे देऊन बरं व्हायचं! रोहितले झापलं. तो म्हणे, भाऊ, त्यायले कामाचा माणूस पायजे, पेशंट नाही.
मनावर घेतलं नाही. जेवलोही नाही, पण ते दाढेमुळं.

१८ ऑक्टोबर, अकोला
दिवाळीसाठी आलो. दाढेसाठी नाही. बसमधून उतरल्या उतरल्या आईनं हात धरून दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यायच्या घरी तिची मेथी जाते, म्हणून दाढ उपटायचे तीनशे. बोलणी वेगळी, ती आईकडून.
बाकड्यावर एक जण गालाला बर्फ लावून बसला होता. शेखरदादा! काल युरोपातून उतरला. म्हणे तिकडं दवाखाना हाये, चांगलाही हाये, पण दाताचा नंबर पाच महिन्यांनी लागून राहिला. प्रायव्हेटमधे दोन दाढांचं बिल विमानापेक्षा जास्त. म्हणून विमानात बसला. विचारलं, मग मले अंगठा काहून पाठवला? तो म्हणे, लेका, घरच्या ग्रुपवर दोन वर्षं मजेत हाये म्हणून सांगितलं, तुले एकट्याले खरं कसं सांगू.
आई म्हणे, हा तिकडून इकडं येते, तू इकडून तिकडं जातं. रस्त्यात भेटले असते तर एकमेकायच्या दाढा उपटून वापस आले असते.

१९ ऑक्टोबर
दाढ गेली. तोंडात कापूस. युरोप रद्द नाही, पुढं ढकलला. उलट आता मी फिट आहे.
संध्याकाळी शेखरदादा आला. त्याच्याही तोंडात कापूस. बराच वेळ हातवारे केले. मले वाटलं, जाताना धने नेतो म्हणते. शेवटी त्यानं मोबाइलवर लिहून पाठवलं : चाकणले तुह्या गोडाऊनमधे जागा हाये का?
मी खूप टाइप केलं. पगार, भाडं, खोलीतले चौघं, पाणी. सगळं खोडलं.
अंगठा पाठवला.