रूथ मेली त्याचा जाब

सोलापूर, मार्च १९७४

ती. जोतीराम दाजींस,

कुंडलिकचा नमस्कार. (राग आलेला आहे, तरी नमस्कार पुरा घ्यावा. बहिणीच्या नवऱ्याच्या मानात कमी करायची आमच्याकडे रीत नाही.) पायाचं प्लास्टर निघालं का? आक्काची कंबर कशी आहे? कारखान्याचा हंगाम कुठवर आला? एवढी चौकशी केली, आता मी भांडायला मोकळा.

दाजी, तुमचा पाय उसाच्या गाडीखाली सापडला यात माझा काय गुन्हा? मिशनच्या दवाखान्यात नर्सबाईंनी वेळ जावा म्हणून तुम्हाला पुस्तक दिलं, ते तुम्ही वाचलं नाही आणि श्रीपूरला जाताना माझ्या फडताळात ठेवून गेलात. वर क्रूस, म्हणून मी समजलो धर्माचं असेल, राहू दे घरात. आत निघालं प्रेम! डेव्हिड नावाचा तरणा गडी, देव मानत नाही. रूथ त्याला सांगते, लग्न करीन, पण आधी देव शोध. माझ्यासाठी खोटं खोटं मानू नकोस. झालं, हा पिशवी उचलून निघाला. गावोगाव पाद्र्यांशी वाद घालतो, नदीकाठी बसतो (पोटापाण्याचं काय करतो ते कुठंही लिहिलेलं नाही) आणि इकडे ती वाट बघत तापाने मरते. तिच्या कबरीपाशी याला श्रद्धा सापडते. पुस्तक समाप्त.

पण आमच्या घरात ते समाप्त झालं नाही. माझी बायको सोजर सहावीपर्यंत शिकलेली. ती तांदूळ निवडल्यासारखं एकेक अक्षर निवडून वाचते, त्यामुळे दुःखही सावकाश आणि जास्त होतं. आठवडाभर आमटीत मीठ नाही, भाकरी करपलेली. काय झालं विचारलं तर म्हणते, "पोरगी गेली की हो." मी चाळीत चौकशी करून आलो, कुणाची गेली म्हणून!

परवा रविवारी माझी एका गालाची दाढी झाली होती, तेवढ्यात शेजारच्या शांतम्मा दारात. "तुमची सोजर पुस्तक घेऊन चर्चकडं गेली की!" तिच्यामागून सगळी चाळ बाहेर आली. बाई बाटायला निघाली असं ठरलंसुद्धा, एकीने तर तिचं नवं नावही सुचवलं. मी साबणासकट धावलो.

चर्चमधली माणसं पांगली होती. दारात म्हातारे पाद्रीसाहेब, आणि त्यांच्यासमोर पदर खोचून सोजर. ती बाटायला नव्हती गेली दाजी, भांडायला गेली होती. "देव गावायला बाईचा जीव कशाला लागतो? ती जित्ती असताना गावला असता तर काय बिघडलं असतं?" पाद्रीसाहेब घाम पुसत म्हणत होते, "बाई, मी ते पुस्तक वाचलेलं न्हाय हो." मला राहवेना. मी म्हणालो, "देवाला कशाला बोलतीस? तिच्या तापाची तार पोचली होती त्या डेव्हिडला! गाडी पकडायची सोडून नदीकाठी विचार करत बसला, गाढव!"

दोघं माझ्याकडे बघायला लागली. (तिचं वाचून झाल्यावर मी ते पुस्तक मिलमध्ये नेऊन, वर्तमानपत्राच्या आड धरून वाचलं होतं. शत्रूची माहिती असावी म्हणून.)

पाद्रीसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "बाई, माझी बायको गेली तवा मीबी देवाला हेच विचारलं. अजून विचारतो." सोजरने खोचलेला पदर सोडला आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

परतताना रस्त्यात ती मला विचारते, "मला तसा ताप आला तर तुमी काय कराल?" आता असल्या प्रश्नाला माणसाने काय बोलावं? डेव्हिडला सुचलं असतं पानभर. माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात ओरडलो, "तू मरायचं न्हाईस! सांगून ठेवतो!" पानवाल्याचा हात चुन्यातच थांबला. सोजर तोंडाला पदर लावून घरापर्यंत हसली, आणि आता चाळीतल्या बायकाही मला बघून हसतात. या सगळ्याला जबाबदार तुम्ही. पुढच्या वेळी पाय मोडलात तर पत्ते खेळा.

आपला संतापलेला,
कुंडलिक

ता. क. आक्काला हे वाचून दाखवू नये.

आणखी ता. क. तुमचा लग्नातला काळा कोट येणाऱ्या माणसाबरोबर ताबडतोब धाडावा. सोजरला दोघांचा फोटो काढून हवा आहे. बटणं तुटली असतील तर लावूनच धाडा. तुटल्या जागी मी हात धरून झाकलं असतं, पण तो हात ती धरणार म्हणते, स्टुडिओत, परक्या माणसासमोर.