माझ्या नंबरावर येणारा तुझा कोड

प्रिय कारभारीण,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही, दुकान शाबूत आहे आणि मीही हिंडताफिरता आहे. आता पहिला प्रश्न तुझ्या मनात येणार, की या माणसाकडे फोन नाही का? आहे. माझ्यासमोरच पडलाय, दुकानातल्या टेबलावर, उताणा. पण फोनवर मी चार शब्द बोललो की पाचव्याला तू माझी समजूत काढायला लागतेस, आणि मेसेज टाकला तर तुझं 'ओके' येतं. पत्राला 'ओके' करता येत नाही. शिवाय मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून ओळीने सांगावी लागते, त्याशिवाय घास उतरत नाही. काटेकोरपंत हे नाव तू मला उगीच नाही ठेवलंस.

इकडची हालहवाल म्हणशील तर न्हाणीघराच्या नळाचं टिपकणं थांबवलं. दोन प्लंबर हात टेकून गेले, शेवटी मीच बसलो. खिडकीतल्या कुंडीला तू सांगितलं होतंस तेवढंच पाणी घालतो, तरी ती रुसल्यासारखी दिसते. कोपऱ्यावरच्या फळवाल्याने पुन्हा वजनकाटा दुरुस्तीला आणला होता. काट्यावर फळांच्या पेट्या रचून ठेवू नकोस म्हणून कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. धाकटा येऊन जातो अधूनमधून. वहिनी कधी येणार असं हल्ली विचारत नाही. पूर्वी दारातच विचारायचा. आता चहा पितो, दुरुस्तीला आलेले काटे बघतो आणि जातो.

तुझं दुकान बंद पडलं ते दिवस आठवतात का? फर्निचरच्या त्या एवढ्या मोठ्या दुकानात तक्रारींच्या खिडकीत तू बसायचीस. कुणाच्या कपाटाचं दार लागत नाही, कुणाच्या सोफ्याचा पाय आला नाही, सगळं जग तुझ्यावर ओरडून घरी जायचं आणि तू संध्याकाळी हसत घरी यायचीस. मालकाने शटर ओढलं आणि तू घरात बसलीस. पहिले काही आठवडे बरं वाटलं तुला. मग तू दुपारी पडदे ओढून घ्यायला लागलीस. मी विचारलं तर म्हणायचीस, ऊन लागतं. त्या खिडकीत दुपारी ऊन येत नाही, हे मला माहीत होतं.  मी नोकऱ्यांच्या साइटवर कामाला लागलो.

मला कुणी काही शिकवलेलं नाही, हे मी पुष्कळदा सांगतो आणि तू पुष्कळदा डोळे फिरवतेस. पण खरंच आहे ते. वजनकाटे मी उघडून शिकलो, तशाच या साइटही उघडून शिकलो. मोठ्या साइटवर अर्ज म्हणजे समुद्रात खडा. म्हणून नव्या, छोट्या कंपन्यांसाठीची ती वेगळी साइट शोधून काढली. स्टार्टअप म्हणजे नक्की काय रे, असं तू विचारलंस, तेव्हा मी सांगितलं होतं, जिथे साहेबापेक्षा आपली चप्पल वयाने मोठी असते ते. किती दिवसांनी हसलीस तू तेव्हा. मग मी एकेक कंपनी पारखायला बसलो. आधी पैसे भरा म्हणणारी कंपनी बाद. पत्ता नकाशावर सापडत नाही ती बाद. एकच जाहिरात दर दोन महिन्यांनी टाकणारी बाद, कारण तिथून माणसं पळतात. 'आम्ही म्हणजे एक कुटुंब' असं लिहिणारी तर आधी बाद, कारण तिथे कुणाला वेळेवर घरी सोडत नाहीत. तू म्हणालीस, मुलीसाठी स्थळं बघतोयस की नोकरी? मी म्हटलं, नोकरीला जास्त बघावं लागतं.

तुझं प्रोफाइल लिहायला बसलो ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. तू कपडे घड्या घालत होतीस. अनुभवाच्या जागी काय लिहू म्हटल्यावर तू म्हणालीस, लोकांची बोलणी खाते असं लिही. मी सुधारून लिहिलं, 'संतापलेल्या ग्राहकांशी शांतपणे बोलण्याचा दीर्घ अनुभव'. तू मागून वाचलंस आणि म्हणालीस, "घरचाही धर त्यात, आणखी दीर्घ होईल." मी धरला नाही. खोटं लिहायचं नाही एवढंच मी म्हणालो, आणि तू उशीचा अभ्रा माझ्या डोक्यावर टाकलास.

फोन नंबराच्या जागी मी माझा नंबर घातला. त्याला कारण होतं. तू फोन कुठेही विसरायचीस, एकदा तर तो पावाच्या डब्यात सापडला होता. दर वेळी नव्या जागेवरून आत शिरताना साइट सहा आकडी कोड पाठवते, तो हरवला तर सगळंच अडतं. माझा फोन माझ्या खिशात असतो. तेव्हा तो विचार बरोबरच होता, आजही मी तसंच केलं असतं.

घरी आजारी माणसांना खाटा आणि यंत्रं भाड्याने पोचवणाऱ्या त्या कंपनीचं बोलावणं आलं. व्हिडिओवर मुलाखत होती. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने बसलो होतो, मुद्दे लिहिलेला पुठ्ठा धरून. तू दोन वाक्यं बोललीस, मग त्यांना 'एक मिनिट हं' म्हणून मला खोलीबाहेर काढलंस. मी जिन्यात उभा राहिलो. दारातून शब्द कळत नव्हते. पण जरा वेळाने तुझं हसणं ऐकू आलं. घरात हसतेस ते नव्हे. लग्नाआधी तुझ्या मैत्रिणींच्या घोळक्यातून यायचं ते. मला इतका आनंद झाला, की मी खाली जाऊन तळमजल्यावरच्या पेढीतल्या माणसाला उगीचच नमस्कार केला. आनंदच झाला होता. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण मला ते विसरायचं नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. आधी घरून काम, मग दुसऱ्या शहरातल्या मुख्य ऑफिसातून बोलावणं, थोड्या महिन्यांसाठी म्हणून. तुझी खोकी मीच भरली. कुठल्या खोक्यात काय, ते बाहेरून लिहिलं. स्वयंपाकघर, कपडे, कागद, हिवाळा. स्टेशनवर तू म्हणालीस, हिवाळ्याचं खोकं कशाला, तोवर मी परत येईन की. मी म्हटलं, असू दे, लागलं तर लागलं. ते खोकं तू उघडलंस का गं?

मग ते कोडचे दिवस आले. तुझी बढती झाली. आता तूच माणसं निवडायला लागलीस, आणि त्याच साइटवर, मी उघडून दिलेल्या त्याच खात्यातून. ऑफिसातला कॉम्प्युटर रोज बदलायचा, त्यामुळे साइट रोज ओळख विचारायची, आणि तू रोज मला फोन करायचीस. आला का रे कोड? मी आकडे दोन दोन करून सांगायचो, सावकाश. तू म्हणायचीस, लवकर सांग, काय मंत्र म्हणतोयस. पण फोन ठेवायची नाहीस. अर्ज उघडून वाचून दाखवायचीस. एकाने छंद म्हणून 'झोप' लिहिलं होतं. एकीने आधीची नोकरी का सोडली याच्या उत्तरात फक्त 'साहेब' लिहिलं होतं. आपण दोघं पोट धरून हसलो, तिला घे म्हणून मी शिफारस केली आणि तू घेतलीसही. लग्न झाल्यापासून आपण इतकं कधी बोललो नव्हतो असं मला तेव्हा वाटायचं. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी मी हाताने थांबवायचो. म्हणायचो, ऑफिसचा फोन आहे.

त्याच दिवसांत तू मला ती लिंक पाठवलीस. तुमच्या शहरातलीच एक नवी कंपनी, रुग्णाचं वजन खाटेवरच करणारा काटा बनवते, त्यांना काट्यातला जाणकार माणूस हवाय. खाली तू लिहिलं होतंस, 'बघ ना. इकडे आलास तर' आणि पुढे तीन टिंबं. मी जाहिरात नीट वाचली. त्यांनी लिहिलं होतं, एका ग्रॅमपर्यंत अचूक. अगं, खाटेवर माणूस झोपलाय, त्याने श्वास घेतला तरी आकडा हलेल. शिवाय दोन ठिकाणी एककं चुकलेली. मी सगळ्या चुका लाल करून तुला परत पाठवल्या, त्यांना कळव म्हणून. त्या चुका होत्याच, त्याबद्दल मी आजही माघार घेणार नाही. तू कळवलंस की नाही ते मला समजलं नाही. त्या तीन टिंबांबद्दल मी काही विचारलं नाही, आणि तूही पुन्हा लिंक पाठवली नाहीस.

फोन कमी झाले. मग नुसता मेसेज, 'कोड?' मी पाठवायचो, खाली लिहायचो, जेवलीस का? पुढच्या दिवशी पुन्हा 'कोड?' यायचं. मग तेही थांबलं, तुला स्वतःचा कॉम्प्युटर मिळाला असावा. साइट मला मात्र विसरली नव्हती. आपल्या शहरातल्या तुझ्याजोग्या नोकऱ्यांची सूचना मी लावून ठेवली होती, ती येत राहिली. चांगली दिसेल ती मी तुला पाठवायचो. तू लिहायचीस, बघते.

तुझा पासवर्ड मीच केलेला आहे. तरी तू गेल्यापासून मी तुझ्या खात्यात एकदाही शिरलो नाही, हे तुला सांगावंसं वाटतं. पण प्रोफाइलचं बाहेरचं पान कुणालाही दिसतं. ते मी अधूनमधून बघतो, रस्त्यावरून जाणाऱ्याने दुसऱ्याच्या घराची खिडकी बघावी तसं. फोटो नवा आहे. केस कापलेस. छान दिसतात. संतापलेल्या ग्राहकांचं ते वाक्य काढलंस, तेही बरोबर, आता तू मोठ्या जागेवर आहेस. आणि खाली 'कुठे काम करायला आवडेल' असा रकाना आहे. तिथे मी दोन शहरं लिहिली होती, पहिलं आपलं. आता तिथे एकच आहे. मी पान बंद करून पुन्हा उघडलं, कधी कधी अर्धवट दिसतं म्हणून. पूर्ण दिसत होतं.

आणि मग चार दिवसांपूर्वी कोड आला. मी मजकूर न वाचताच आनंदलो, म्हटलं हिचा फोन येणार. मग वाचला. आत शिरायचा नव्हता तो, खात्याचा फोन नंबर बदलण्यासाठी होता. तुझा मेसेज आला, 'कोड पाठवशील?' मी टेबलाशी बसून राहिलो. दहा मिनिटांनी तो बाद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा बाद झाला. धाकटा तेव्हा समोरच बसला होता. त्याने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दादा, दे आणि मोकळा हो," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, वेळ संपली त्याची. तो म्हणाला, दुसरा येईल, त्यांचे येतच राहतात.

काल तू फोन केलास. मला वाटलं चिडशील. चिडायला हवं होतंस, माझा हक्क होता तो. कपाटाचं दार लागत नाही म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांवर तू चिडायची नाहीस, पण माझ्यावर चिडायचीस, भांडी आपटायचीस. काल तू म्हणालीस, "तुमची अडचण समजते मला. काही घाई नाही, सवडीने द्या." तुमची. द्या. किती वर्षांत तू मला अहो-जाहो केलं नव्हतंस. तुझ्याही लक्षात आलं असणार, कारण पुढे तू काही बोलली नाहीस. फोन मात्र लगेच ठेवलाही नाहीस. मी ऐकत राहिलो. तुझ्या मागे कुणीतरी हसत होतं, खुर्च्या सरकत होत्या. त्या एका वाक्यात मला सगळं कळलं, आणि तू ते किती चांगल्या रीतीने सांगितलंस, तेही कळलं. तुला त्या कंपनीने घेतलं ते उगीच नाही.

हे पत्र एवढ्यासाठीच. रविवारी दुकान बंद असतं. सकाळी चहा झाला, की नंबर बदलायची मागणी पुन्हा टाक. फोन करू नकोस, मेसेजही नको, साइट मला कळवतेच. मी फोन हातात घेऊनच बसेन आणि आल्याबरोबर आकडे पाठवीन, एका दमात, दोन दोन करून नाही. सोबत काही विचारणार नाही. नवा नंबर स्वतःचाच घाल, दुसऱ्या कुणाचा घालू नकोस, कितीही भरवशाचा असला तरी. पासवर्डही बदल. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव, लोक नेमके तिथेच चुकतात. नवा नंबर घातल्यावर साइट विचारते, जुना नंबर ठेवायचा की काढायचा. तिथली खूण आधीपासून 'ठेवा'वर असते. घाईत पुढे गेलीस तर जुना तसाच राहतो. ती खूण तुला स्वतःच्या हाताने हलवावी लागेल. तुझ्या खात्यात न शिरता इथून मला ते करता येत नाही, मी करून बघितलं.

तुझाच,
काटेकोरपंत