'आमच्याविषयी' हे पान

नाबुल, ६ एप्रिल

प्रिय शादलीदादा,

सलाम. मार्सेयची थंडी सरली असेल. इथे नारिंगं फुलली आहेत, फुलांचा अर्क काढायला शेजारणी अंगणात जमल्यात आणि बाबांची कुरकुर चालू आहे. म्हणजे तब्येत उत्तम.

आपल्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याची वेबसाइट होतेय. वर्डप्रेसवर, मी स्वतः करतेय! तयार साचा घेतला, तर त्यातल्या फोटोत कुठलंसं हसरं, गोरं कुटुंब आलं. बाबा चष्मा सावरत म्हणाले, "ही माणसं आपल्याकडे कशाला घुसलीत?" हाकलली त्यांना. हिरव्या थाळ्यांचे फोटो चढवले.

मग 'आमच्याविषयी' हे पान आलं. मी लिहिलं, 'बाप-लेकीचा कारखाना.' बाबांना वाचून दाखवलं.

"आणि शादली?"

"त्याचं नाव काढायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"रागात बोललो गं. पण नऊ वर्षांत पोराला एक फोन करावासा वाटला नाही!"

दादा, खरं ते आता सांगते.

दर ईदला तू फोन करायचास. घरचा फोन मीच उचलायचे. "बाबा बोलायला तयार नाहीत," असं तुला सांगायचे. खरं तर मी त्यांना कधी विचारलंच नाही. तू चाक सोडून तिकडे गोदीत गेलास आणि भट्टी, बाजार, बाबा, सगळं माझ्या गळ्यात पडलं. नर्सिंगला मिळालेली जागा सोडावी लागली. पहिल्या वर्षी वाटलं, भोगू दे यालाही. पुढे कबूल करायचीच भीती वाटायला लागली.

त्याच दिवशी बाबांना सगळं सांगितलं. ते उठून चाकावर बसले, माती नुसती फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुला इथे अडकवलं ते मी. पण त्याला तूच लिही. कागदावर लिही, फोनवर पुन्हा पळवाट काढशील."

पान अजून मसुद्यातच आहे. आता त्यात आपण तिघं आहोत. सोबतच्या चिठ्ठीत तुझ्या नावाचं खातं आणि पासवर्ड आहे. माझ्याबद्दल जे खोडावंसं वाटेल ते खोड. 'प्रकाशित करा' हे बटण तू दाबायचंस, असं बाबांचं म्हणणं आहे. नाही दाबलंस, तरी मी समजून घेईन.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

नऊ वर्षं तुझे सलाम स्वतःपाशी दडवून ठेवणारी, तुझीच बहीण,
विदाद