कोंबडा नको, एवढी एकच अट

३ मार्च

आता शंकाच नको. सहा पिलांतलं मोठं पिल्लू नर आहे. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, सगळ्या माद्या आहेत. साडेतीन महिने झाले. बाकीच्यांचे तुरे फिकट, नखाएवढे. ह्याचा लालभडक आणि उभा. मानेवर लांब टोकदार पिसं. चालतो असा की परसदार ह्याच्या नावावर आहे! बाबांनी त्याचं नाव ‘दादा’ ठेवलंय, आणि सगळ्यात मागे राहणारीचं ‘भित्री’. सासरे खुशीत, सून धास्तीत.

खाली राहणाऱ्या मालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “कोंबड्या पाळा, माझी ना नाही. कोंबडा नको. मुलगा रात्रपाळी करून पहाटे येतो, त्याला झोप मिळाली पाहिजे.” एवढी एकच अट. मी मान डोलावली होती.

५ मार्च

ह्यांना सांगितलं. “आरवेल तेव्हा बघू.” ह्यांचं सगळं असंच.

मला बघत बसता येत नाही. सासूबाई गेल्यावर सात महिने बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि स्वतःच्या मनगटावरच्याला किल्ली द्यायचं सुचत नव्हतं. मी पिलं आणली आणि चौथ्या दिवशी त्यांनी हातोडी मागितली. खुराडं त्यांनीच बांधलं. बिजागऱ्या इतक्या चोख की दाराचा आवाज नाही.

दादा गेला तर बाबा पुन्हा भिंतीकडे वळतील. दादा राहिला तर खोल्या जातील – आणि खोल्या सोडायचं तर बाबांपुढे नावही काढायची सोय नाही. मागे ह्यांनी काढलं होतं. “ती ह्या खोलीत गेली. मीही इथूनच जाणार,” म्हणाले, आणि दोन दिवस जेवले नाहीत.

९ मार्च

शिवलेले पडदे पोचवून येताना जनावरांच्या डॉक्टरांकडे शिरले. विचारलं, कोंबडा आरवायला कधी लागतो?

“चार-पाच महिन्यांचा झाला की. एखादा आधीही. वयात आला की गळा उघडतो.”

“पण ओरडतो कशाला?”

“ही जागा माझी, ह्या माद्या माझ्या – एवढंच सांगायचं असतं त्याला. उजेड बघून आरवतो असं आपण म्हणतो, पण वेळ त्याच्या आतच असते. उजाडायच्या आधी त्याला कळतं.”

“अंधारात कोंडला तर?”

“तरी कळतं. आवाज जरा दबेल, बाई, पण बंद नाही व्हायचा.”

म्हणजे दोन-तीन आठवडे. फार तर चार.

१४ मार्च

आरवला. पाचला वीस कमी होते. आरवणं कसलं – कोरड्या नळाने घरघरावं तसा आवाज, तोही मध्येच तुटला. मी अंथरुणात ताठ. खालची कडी वाजते का, ऐकत राहिले. नाही वाजली. बाबा उठून बसलेले, हसत. “आवाज फुटतोय गड्याला.”

१५ मार्च

दोनदा.

१९ मार्च

आता पुरी बांग. खुराड्यावर जाड चादरी टाकून पाहिल्या. आतून ऐकू येतोच.

बाबा आंघोळीला गेले होते तेवढ्यात मालकीणबाई जिना चढून आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, “चांगले भाडेकरू आहात म्हणून आठवडा देते. एक तर तो, नाहीतर खोल्या.” मोरीतलं पाणी चालू होतं, बाबांना काही ऐकू गेलं नाही. “कोण आलं होतं?” “कुणी नाही.”

२३ मार्च

केलं. बाबा केस कापायला गेले तेव्हा दादाला पिशवीत घातला आणि डॉक्टरांच्या ओळखीच्या कोंबडीवाल्याकडे देऊन आले. गावाबाहेर आहे. कापणार नाही, म्हणाला. विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता. वाटभर पिशवीतून त्याच्या अंगाची ऊब माझ्या मांडीला लागत होती.

बाबांना सांगितलं, “दार उघडं राहिलं. भिंतीवरून उडाला.”

लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यांच्याशी एवढं मोठं खोटं बोलले ते आजच.

२४ मार्च

दुपारी बाबा जेवायला आले नाहीत. सकाळपासून दादाला शोधत होते. मी चार गल्ल्या पालथ्या घातल्या. हे कामावर, फोन लागेना. पाच वाजता चौकातल्या चांभाराने हाताला धरून आणलं. गुडघा सोललेला, एक चप्पल तुटलेली.

बाबांचं एकच, “ह्या बाजूला नाही तो. उद्या नाल्यापलीकडे बघतो.”

गुडघ्याला औषध लावलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, “चहा टाकू?”

२६ मार्च

आज मुदत संपायची. वाटलं, सुटलो. आणि पहाटे परसातून आवाज – तीच घरघर, तोच तुटलेला सूर. धावत गेले. भित्री! सगळ्यांच्या मागे दबून राहणारी, शेवटी खाणारी. भित्री नव्हेच तो. तोही नर. तुरा बारीक म्हणून कुणी लक्षच दिलं नाही.

बाबा मागे उभे. मग म्हणाले, “दादा कुणाला दिलास?”

“बाबा, तो उडा–”

“उडून कितीसा लांब जाणार? आसपास असता तर पहाटे ओरडला असता. तीन दिवस कान लावून बसलोय. आणि त्याचा आवाज आला असता तर हा धाकटा गप्प राहिला असता. वरचा उठून गेला म्हणून ह्याला कंठ फुटला.” आवाज चढवला नाही. “मला सांगायचंस गं.”

मग सगळं सांगितलं. अट, आठवड्याची मुदत, कोंबडीवाला. बाबा जेवले नाहीत की मी इतकी घाबरते, तेही.

“मुदत कधी संपते?”

“आज.”

आत गेले. भिंतीकडे तोंड करून निजले. ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते कोंबड्याने नाही, मी केलं.

२७ मार्च

बाबांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. धाकटा चारदा आरवला. मालकीणबाई अजून वर आल्या नाहीत. हे म्हणाले, “मी बोलतो त्यांच्याशी.” बोलले नाहीत.

२८ मार्च

सकाळी बाबा उठले, दाढी केली, काठी घेऊन एकटेच खाली गेले. वर आले ते सांगतच – महिनाअखेरीस आपण खोल्या सोडतोय, तसा शब्द देऊन आलो. मला विचारलं नाही, ह्यांनाही नाही. मी म्हटलं, “बाबा, पण आईंची खोली...” तर म्हणाले, “तुला माझ्याशी खोटं बोलावं लागलं ह्या खोलीपायी. आता नको ती.” कुठे जायचं, अजून ठरलेलं नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. बाबांनी सुतळीचं बंडल काढलं आणि मला पेट्या आणायला पाठवलं.