भेवाले इंग्रजीत काय म्हणते

दोन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. मारेगावात शाई आटली काय?

कपिल, तुले मायचा आशीर्वाद. नागपुरात मी बरी आहो. गाय नीट खाते का?

तुह्या बहिणीची शाल्मली मले इंग्रजी शिकवून राह्यली. त्यायच्यात भेवाचा शब्द येगळा, काळजीचा येगळा. मी पुसलं, साप समोर असला तं भेव अन् घरात कुठं शिरला ते दिसत नसलं तं काळजी, असंच ना? तिले पटलं. मंग म्हणे, "आजी, तुझं वाक्य सांग."

मी सांगितलं, कपाशीवर औषध फवारतानी नोझल अडकलं का माहा पोरगा ते तोंडानं फुकते.

"यात कोणता शब्द टाकू?"

"दोन्ही टाक," म्हटलं.

फुकणं बंद केलं का नाही, ते तुह्या बायकोनं लिहावं. तू लिहू नको, तू खोटं लिहशीन.